अंगणाची बाजू

जत्रेत फुगे फोडायला जाणाऱ्या माणसांचे दोनच प्रकार असतात. एक, ज्यांचा फुगा फुटतो ते. आणि दुसरे, बंदुकीचा नेम मुद्दाम वाकवून ठेवलाय हे ज्यांच्या लगेच लक्षात येतं ते. फुगा फुटला नाही आणि बंदूकही चांगली होती, असं म्हणत परतलेला माणूस अजून कुठल्या जत्रेत दिसलेला नाही. दुकानवाल्याने तीच बंदूक उचलली, सुटे पैसे मोजता मोजता फटकन फुगा फोडून दाखवला, तरी दुसऱ्या प्रकारच्या माणसाचं मत बदलत नाही. ‘वाकडेपणा किती आहे ते त्याला ठाऊक आहे ना!’ असं म्हणून तो दुकानवाल्यालाच आपल्या बाजूचा साक्षीदार करून टाकतो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण करून मराठीने असले खटले फार पूर्वीच निकालात काढले. तक्रार खोटी, नाचणारा दोषी, अंगण निर्दोष. पण या निकालाआधी अंगण कुणी मोजलं होतं? ते खरंच वाकडं असेल तर? मला वाटतं, या म्हणीने अंगणाला न मागता निर्दोष सोडलं आणि नाचणाऱ्याला न ऐकता शिक्षा दिली. जगात एक खेळ मात्र असा आहे, ज्यात ‘अंगण वाकडं’ ही रीतसर तांत्रिक तक्रार मानली जाते, ती तपासायच्या पद्धती ठरलेल्या आहेत आणि ती कधीकधी चक्क खरी निघते. तो खेळ म्हणजे स्कोप, म्हणजे दुर्बीण, लावलेल्या रायफलीची अचूक नेमबाजी.

वाकडेपणा किती बारीक असला तरी इथे खपत नाही, हे आधी पाहू. बेंचरेस्ट नावाच्या प्रकारात रायफल टेबलावर, पुढेमागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवतात, १०० यार्डांवरच्या, म्हणजे ९१ मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या मारतात आणि पाच भोकं एकमेकांना किती चिकटून पडली ते मोजतात. १९७३ साली मॅक मॅकमिलन या अमेरिकन नेमबाजाने मारलेल्या पाच गोळ्यांमध्ये सर्वात दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर ०.००९ इंच भरलं. मिलिमीटरचा जेमतेम पाव भाग. हा विक्रम ४० वर्षं टिकला. २०१३ मध्ये माइक स्टिनेटने तो ०.००७७ इंचावर आणला. म्हणजे ४० वर्षांत नळ्या सुधारल्या, गोळ्या सुधारल्या, भिंगं सुधारली, आणि या सगळ्याची मिळून प्रगती झाली ती माणसाच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीइतकी. या खेळात गोळ्या एकाच भोकातून इतक्या निमूटपणे जातात की पाच गेल्या की चार, याचीच शंका येते. म्हणून मुख्य कागदाच्या मागे दुसरा एक कागद हळूहळू सरकत ठेवतात. त्यावर पाच वेगळी भोकं उमटली की माणूस खरं बोलतोय हे सिद्ध होतं. ज्या खेळात खेळाडूच्या शब्दावर इतका विश्वास, तिथे स्कोपच्या शब्दावर किती असेल!

आता स्कोपची बाजू ऐकायची तर त्याच्या पोटात शिरायला हवं. बाहेरून ती एक काळी नळी दिसते. आत दुसरी नळी असते, एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. मोकळ्या टोकाला वरून एक स्क्रू दाबतो, बाजूने दुसरा, आणि या दोघांच्या विरोधात एक स्प्रिंग तिला रेटत असते. तीन बाजूंच्या दबावावर स्थिर असल्याचा दावा करणाऱ्या रचनांचा महाराष्ट्राला भरपूर अनुभव असल्याने जास्त खुलासा करत नाही. वरच्या आणि बाजूच्या गोल खटक्याला टरेट म्हणतात. तो फिरवला की ‘टिक्’ असा आवाज येतो, स्क्रू किंचित पुढे जातो, आतली नळी किंचित कलते आणि नेम सरकतो. बऱ्याच स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, म्हणजे एका मिनिटाचा, पाव भाग. १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. पण हे झालं शंभर मीटर पलीकडचं. अलीकडे, नळीच्या आत, त्या ‘टिक्’ला नेमकं किती हलायचं असतं? पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर २०० मिलिमीटर धरलं तर उत्तर येतं मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पंधरा भाग. केसाचा पाचवा हिस्सा. एवढंच हलायचं, कमी नाही, जास्त नाही. मग रायफलीची लाथ बसली तरी तिथेच राहायचं. आणि चाळीस क्लिक वर नेऊन चाळीस खाली आणले की निघालो त्या जागी मुकाट परत यायचं. इतकं सगळं एका स्प्रिंगच्या भरवशावर. अशी अपेक्षा आपण माणसांकडून करत नाही, घड्याळाकडूनही नाही.

तेव्हा स्कोप कधीमधी खोटं बोलतो यात नवल नाही. खरा प्रश्न तो कसं बोलतो हा आहे. काच फुटणं, आत धुकं धरणं, नेमाची फुली तुटणं ही सरळमार्गी बिघाडाची लक्षणं; ती दिसतात आणि माणूस दुरुस्तीला जातो. (जुन्या काळी काही स्कोपमधली फुली कोळ्याच्या धाग्याची असे, तेव्हा ती तुटली तर निदान तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न नव्हता.) त्रास देतो तो अर्धवट बिघाड. खटका फिरवला, ‘टिक्’ आवाज आला, पण आतली नळी घर्षणाने अडून बसली. गोळी जुन्याच जागी गेली. मग त्या गोळीच्या हादऱ्याने नळी सुटली आणि मघाची आज्ञा आत्ता पाळली गेली. तोवर नेमबाजाने वैतागून आणखी दोन क्लिक दिलेले. जुने नेमबाज खटका फिरवल्यावर त्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात ती याचसाठी. टीव्हीला थापट मारून चित्र सरळ करणाऱ्या पिढीला हे तंत्रज्ञान समजावून सांगायची गरज नाही. लाथेचंही असंच. मोठ्या रायफलीचा दणका एकाच दिशेला, मागे बसतो आणि स्कोप त्याची सवय ठेवूनच बनवलेले असतात. स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल मात्र आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते. शिकारी रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेले स्कोप या छर्र्याच्या बंदुकीवर मान टाकतात. आणि ती दिसायला गरीब म्हणून सामान्य माणूस नेमक्या त्याच बंदुकीवर स्वस्तातला स्कोप लावतो.

इथपर्यंत पुरावा नाचणाऱ्याच्या बाजूने आहे. अंगण वाकडं असू शकतं, कसं आणि किती तेही सांगता येतं. पण म्हणून वाकडं असल्याच्या सगळ्या तक्रारी खऱ्या ठरत नाहीत, आणि माझं म्हणणं असं की बहुतेक खोट्याच असतात. त्याचं कारण साधं आकडेमोडीचं आहे. एखादी रायफल १०० मीटरवर पाच गोळ्या साधारण ३ सेंटीमीटरच्या वर्तुळात टाकते असं धरा. बरी रायफल आहे. मालक तीन गोळ्या मारतो, त्यांचा मध्य काढतो आणि त्यावरून स्कोप लावतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन गोळ्या, पुन्हा मध्य. हे दोन मध्य एकाच जागी पडायचं कारणच नाही. तीन गोळ्यांचा मध्य निव्वळ योगायोगाने अर्धा-पाऊण सेंटीमीटर सहज भरकटतो, म्हणजे जवळजवळ एक क्लिक. मालक म्हणतो, स्कोप एका क्लिकने सरकला. मग तो एक क्लिक परत देतो, म्हणजे आता खरोखरच सरकवतो. तिसऱ्या दिवशी गोळ्या आणखी भलतीकडे. चौथ्या दिवशी स्कोप विकायला निघतो. या चार दिवसांत स्कोपने केलेली चूक काय, तर दिलेली प्रत्येक आज्ञा त्याने पाळली.

बरं, नवा स्कोप लावल्यावर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, खरंच सुधारतो, ही साक्ष तर शेकडो लोक देतील. देतीलच. पण स्कोप बदलायचा म्हणजे जुना काढायला हवा, त्याच्या रिंगा सोडवायला हव्यात, बैठकीचे स्क्रू उघडून, पुसून, नव्याने आवळायला हवेत. आणि या खेळातला सर्वात मोठा गुन्हेगार तिथेच लपलेला असतो. दोन रिंगांमध्ये १० सेंटीमीटर अंतर असलं आणि त्यांतली एक वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी हलली, मिलिमीटरचा दहावा भाग, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर सरकते. चौदा क्लिक! एक ढिला स्क्रू एवढं करतो, आणि त्याची किंमत चहाच्या कपाहून कमी असल्याने त्याच्यावर संशय घेणं कुणालाच शोभत नाही. स्क्रू आवळला गेला, रायफल सुधारली, श्रेय नव्या स्कोपला मिळालं, आणि जुना बिचारा ‘झीरो (म्हणजे एकदा बसवलेला नेम) धरत नाही’ असा शेरा कपाळावर घेऊन तिसऱ्याच माणसाकडे गेला, जिथे तो व्यवस्थित चालतो. डॉक्टर बदलल्यावर ताप उतरला, ही आपल्याकडची कथाही बऱ्याचदा अशीच असते. तिरकेपणाचं खापरही असंच स्कोपवर फुटतं. हजार यार्डांवर गोळी वाटेत दहाएक मीटर खाली येते, म्हणून नेम तेवढा वर धरावा लागतो; रायफल त्या वेळी फक्त एक अंश कलती धरली गेली तर गोळी सुमारे १७ सेंटीमीटर बाजूला पडते. एक अंश म्हणजे किती, तर घरातल्या भिंतीवर तेवढी तिरकी टांगलेली तसबीर पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

यातून बाहेर पडायचा मार्ग एकच, आणि तो नेमबाजांच्या स्वाभिमानाला फार लागतो. अंगण तपासायचं तर नाचणाऱ्याला अंगणाबाहेर काढायचं. स्कोप एका जड बैठकीत घट्ट आवळायचा, शंभर मीटरवर मोजपट्टी लावायची, खटका फिरवत फुली एक मीटर वर न्यायची आणि प्रत्यक्षात ती किती गेली ते बघायचं. मग खाली आणून ती मूळ रेघेवर बसते का ते पाहायचं. गोळी नाही, बारूद नाही, श्वास रोखणं नाही, आणि मुख्य म्हणजे माणूस नाही. या बाबतीत इतिहासातला सर्वात स्वच्छ प्रयोग राणी व्हिक्टोरियाच्या नावावर आहे असं मी मानतो. १८६० साली विम्बल्डनला इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाला व्हिटवर्थ रायफल एका लोखंडी बैठकीत आधीच नेमून ठेवली होती, घोड्याला रेशमी दोरी बांधलेली होती, आणि राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. राणीने नेमाबद्दल कसलीही तक्रार केल्याची नोंद नाही.

यावर पहिला आक्षेप वाजवी आहे: बैठकीत आवळलेला स्कोप म्हणजे पलंगावर झोपवून तपासलेलं हृदय, जिना चढल्यावर काय होतं ते यातून कसं कळणार? लाथ बसल्यावर स्कोप हलतो का, हे लाथ बसल्याशिवाय कळत नाही. कबूल. बेंचरेस्टवाल्यांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो, कारण तो थेट सावंतवाडीच्या किंवा सांगलीच्या कुठल्याही संशयी सासूला सुचला असता. एकाच बैठकीवर दोन स्कोप शेजारी शेजारी लावायचे, दोघांच्या फुल्या एकाच खुणेवर आणायच्या, आणि दर गोळीनंतर पाहायचं की दोघं अजून एकाच खुणेकडे बघतायत का. एकाची नजर ढळली की दुसरा चहाडी करतो. यात पकडले गेलेले स्कोप निघाले, महागातलेही निघाले. मग काही जणांनी शेवटचा उपाय केला: स्कोपच्या पोटातली हलणारी नळी गोंदाने कायमची चिकटवून टाकली आणि नेम सरकवायची सोय बाहेर, बैठकीत आणली. गंमत म्हणजे स्कोपच्या जुन्या पिढीत ही सोय बाहेरच असे. अनर्टलसारख्या जुन्या अमेरिकन टार्गेट स्कोपमध्ये खटके बाहेरच्या कड्यांवर असत, आणि दणका बसला की सबंध स्कोप कड्यांमधून पुढे घसरे. तो हाताने नाहीतर स्प्रिंगने मागे घ्यावा लागे. ते गैरसोयीचं म्हणून सगळी यंत्रणा आत नेली, आणि आतली विश्वासाची नाही म्हणून गोंद ओतला.

दुसरा आक्षेप लांब पल्ल्यावाल्यांचा. त्यांचा खेळ एफ-क्लास. कॅनडाच्या जॉर्ज फार्कर्सन यांच्या आडनावाचं ते आद्याक्षर. वयामुळे डोळे आणि हात साथ देईनासे झालेल्या नेमबाजांना स्कोप आणि टेकू देऊन खेळात ठेवावं म्हणून त्यांनी तो प्रकार काढला. (निवृत्तांची इतकी नेमकी सोय दुसऱ्या कुठल्या खेळाने केली असेल असं वाटत नाही.) हे लोक म्हणतात, हजार यार्डांवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा नेहमीच्या .३०८ काडतुसाची गोळी दोन-अडीच मीटर ढकलतो, तिथे तुमच्या केसाच्या पाचव्या हिश्श्याला विचारतो कोण? शिवाय सुरुवातीला चाचणीच्या गोळ्या मिळतात. खटका दोन टक्के कमीजास्त सरकत असेल तर तिथेच कळतं आणि निस्तरतं. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. दर वेळी सारख्याच प्रमाणात खोटं बोलणारा स्कोप खरं बोलणाऱ्याइतकाच उपयोगी, आमचे एस.टी.चे प्रवासी वेळापत्रक याच तत्त्वावर वाचतात. पण पहिला मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. वारा उघड शत्रू आहे, त्याचे झेंडे लावलेले असतात, आणि नेमबाज प्रत्येक गोळीनंतर त्याच्याकडून शिकत असतो. स्कोप मधूनच पाव मिनिट ढळला तर ती चूकही तो वाऱ्याच्याच खात्यावर मांडतो आणि पुढच्या गोळीला नसलेल्या वाऱ्यासाठी नेम बदलतो. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १० इंचांचं आहे. पाव मिनिटाची ढळ म्हणजे त्यातले अडीच इंच गेले. त्याहून मोठं नुकसान नेमबाजाच्या नोंदवहीचं. चुकीचा धडा पाठ झाला.

तिसरा आक्षेप सर्वात मराठी आहे: कशाला हवाय स्कोप? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन या रायफल प्रकारातलं कांस्यपदक ४५१.४ गुणांनी आणलं. ऑलिंपिकच्या रायफलीवर मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही, बारीक छिद्रातून बघायचं आणि ५० मीटरवरचा शर्टाच्या बटणाएवढा, १०.४ मिलिमीटरचा दहा साधायचा. बिनभिंगाचं अंगण, वाकडं व्हायला त्यात काही नाहीच. नाही कसं? त्या छिद्राच्या साईटलाही खटके असतात आणि तेही सरकतात. २००८ मध्ये बीजिंगला अंतिम फेरीआधी अभिनव बिंद्राची सरावाची पहिली गोळी चारच्या घरात गेली. साईट हललेली होती, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. ‘अंगण वाकडं’ असं त्या क्षणी म्हणायचा अधिकार जगात ज्या मोजक्या लोकांना होता त्यांतला तो एक, कारण आपण चार मारू शकत नाही हे त्याला हजारो गोळ्यांच्या हिशेबाने माहीत होतं. त्याने साईट दुरुस्त केली, शेवटचा नेम १०.८ चा मारला आणि भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. स्वतःचं वर्तुळ किती मोठं आहे हे ज्याने मोजलंय, त्यानेच त्याबाहेर गेलेल्या गोळीसाठी साईटला, स्कोपला किंवा नशिबाला जाब विचारावा. ज्याला ते माहीत नाही त्याची तक्रार जत्रेतल्या फुग्याच्या पातळीची. आणि अधिकार असूनही माणूस कुठे घसरतो याचाही दाखला आहे. अमेरिकेच्या मॅट एमन्सची रायफल २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या काही महिने आधी कुणीतरी खरोखरच बिघडवून ठेवली होती. त्याने सहकाऱ्याची रायफल उसनी घेतली आणि प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायच्या, प्रकारात सुवर्ण जिंकलं. काही दिवसांनी थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो तीन गुणांनी पुढे होता, एक गोळी बऱ्यापैकी मारायची उरली होती, ती त्याने बरी मारलीही. फक्त शेजारच्या निशाण्यावर. गुण शून्य, क्रमांक आठवा. अंगण सरळ, नाच सुरेख, फक्त अंगण शेजाऱ्याचं.

तेव्हा वापरलेला स्कोप ‘झीरो धरत नाही’ म्हणून विकायला काढणाऱ्या सर्व नेमबाजांना विनंती, की जाहिरात देण्याआधी रिंगांचे आणि बैठकीचे स्क्रू एकदा आवळून बघा, तीन नाही तर दहा गोळ्यांचा ग्रुप मारा, आणि त्या कागदाचा फोटो जाहिरातीसोबत जोडा. घेणाऱ्यालाही कळू द्या, नेमकं काय विकायला काढलंय ते.